महागडा फोन, स्वस्त फोन आणि आपण

(संस्थेच्या वादविवाद स्पर्धेच्या समारोपप्रसंगी परीक्षक या नात्याने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किंचित संक्षेप केला आहे.)





परीक्षकाने निकाल सांगावा आणि खाली बसावे, हे उत्तम. परंतु अध्यक्ष महोदयांची आज्ञा झाली की विषयावर मीही चार शब्द बोलावेत. मी वाणिज्य विषयाचा शिक्षक. तास संपल्याची घंटा झाली तरी न थांबण्याची आम्हा मंडळींची खोड आपणास ठाऊक आहेच. तेव्हा थोडी सबुरी ठेवावी, ही विनंती.

आजचा विषय होता, "महागडे स्मार्टफोन बनविणाऱ्या कंपनीने स्वस्त फोनही काढावेत काय?" हा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन पालकांनी मला वाटेत गाठून विचारले, "सर, शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा कसला विषय? कंपनीने काय काढावे आणि काय काढू नये, ते कंपनी पाहून घेईल. आपल्या मुलांना त्याचे काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून एक अनुभव सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रवेशाचे दिवस होते. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. सुतारकाम करणारे, कष्टाळू, पाच वेळचे नमाजी. मुलाला प्रवेश मिळाला होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की फी दोन हप्त्यांत घेतली जावी. मी म्हटले, "अवश्य, अर्ज करा. पण अडचण काय आली?" ते काही बोलेनात. शेवटी म्हणाले, "याच्या फोनचा हप्ता याच महिन्यापासून सुरू झालाय, सर." मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, त्या कंपनीने स्वस्तातला फोन काढला असता, तर अब्बांना असं करावं लागलं नसतं."

मुलाचे हे वाक्य माझ्या मनात राहिले. आजच्या वादविवादाचा विषय मी त्याच वाक्यावरून सुचविला होता. मुलाचे म्हणणे खरे होते काय? याचे उत्तर द्यायचे तर आधी व्यापाराची बाजू समजावून घेतली पाहिजे.

स्पर्धकांनी कंपनीचे नाव घेण्याचे टाळले, तरी ती ॲपल आहे हे सर्वांना कळत होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ही कंपनी. तिचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन प्रथम जगाला दाखविला. जूनअखेर तो विक्रीस आला. किंमत होती ४९९ आणि ५९९ डॉलर, शिवाय एकाच टेलिफोन कंपनीशी दोन वर्षांचा करार. दहा आठवडेही झाले नव्हते, तोच ५९९ डॉलरचा फोन ३९९ वर आला. आधी रांगा लावून घेणारे लोक साहजिकच संतापले. कंपनीला त्यांची क्षमा मागावी लागली आणि प्रत्येकाला पुढील खरेदीसाठी शंभर डॉलरची सूट द्यावी लागली.

पुढच्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट २००८ मध्ये, आयफोन भारतात आला. किंमत ३१,००० रुपये. त्याच वेळी अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आत, मिळत होता. आपल्याकडे पुष्कळ आरडाओरड झाली. परंतु अमेरिकन ग्राहकाला तो खरोखर नऊ हजारांत पडत होता काय? नाही. उरलेली रक्कम तेथील टेलिफोन कंपनी भरीत असे आणि दोन वर्षांच्या मासिक बिलांतून वसूल करीत असे. आपल्याकडे ती पद्धत नसल्यामुळे पूर्ण किंमत एकदम दिसली. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. हप्त्यांचा विचार करताना मला तिचा पुन्हा उपयोग होणार आहे.

आता दोन्ही पक्षांच्या मुद्द्यांकडे वळू.

प्रतिकूल पक्षाचा मुख्य मुद्दा असा की स्वस्त माल काढला की नाव जाते. एकाच दुकानात भारी आणि हलके कापड ठेवले तर भारी कापडाचे गिऱ्हाईक हलक्याकडे वळते, आणि ज्याला केवळ भारीच हवे तो दुसरे दुकान पाहतो. ही भीती निराधार नाही. अमेरिकेत पॅकार्ड नावाची मोटार होती. श्रीमंतांची गाडी म्हणून तिचा लौकिक होता. मंदीच्या काळात, १९३५ साली, कंपनीने एक हजार डॉलरच्या आतील किमतीपासून सुरू होणारी 'वन ट्वेंटी' ही गाडी काढली. तिच्यामुळे विक्री एकदम वाढली आणि कंपनी मंदीतून तरली. पण पॅकार्ड म्हणजे शिखरावरची गाडी, ही समजूत हळूहळू ढळली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. १९५८ नंतर पॅकार्ड नावाची गाडी निघाली नाही. स्वस्त गाडीने कंपनीला वाचविले की बुडविले, हा वाद आजही चालतो. मला वाटते, तिने आधी वाचविले हे तरी निश्चित. कारण १९३५ साली ती नसती तर पुढचा वाद घालायला कंपनीच उरली नसती.

प्रतिकूल पक्षाच्या एका स्पर्धकाने मोठ्या आवेशाने सांगितले की नोकिया कंपनी स्वस्त फोन काढल्यामुळे बुडाली. येथे मला दुरुस्ती केली पाहिजे. नोकियाने २००३ साली '११००' हा साधा फोन काढला. त्याच्या सुमारे २५ कोटी नगांची विक्री झाली. खेड्यापाड्यांत, होडीवर, शेतावर तो फोन पोचला. त्या फोनने नोकियाला बुडविले नाही. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या नव्या फोनांच्या शर्यतीत कंपनी मागे पडली आणि २०१४ साली तिचा मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. उदाहरण देताना कारण तपासून घ्यावे, एवढ्यासाठीच त्या स्पर्धकाचे दोन गुण कापले गेले. त्याने रागावू नये.

अनुकूल पक्षाने सर्वांत चांगले उदाहरण खुद्द ॲपलच्याच घरातील दिले. गाणी ऐकण्याचे आयपॉड हे यंत्र २००१ साली ३९९ डॉलरला निघाले. २००४ च्या जानेवारीत त्याची २४९ डॉलरची लहान आवृत्ती आली आणि २००५ च्या जानेवारीत ९९ डॉलरचे 'शफल' आले. शफलला पडदाच नव्हता. गाणे निवडण्याची फारशी सोय नव्हती. पण गाणे वाजवायचे काम ते चोख करीत असे. यामुळे कंपनीचे नाव कमी झाले नाही. उलट ज्या मुलांच्या खिशाला ३९९ डॉलर परवडत नव्हते, ती मुले कंपनीची गिऱ्हाईक झाली.

आणखी एक हिशेब पाहा. ॲपलच्या २०२३ च्या आर्थिक वर्षातील एकूण विक्री सुमारे ३८,३०० कोटी डॉलर होती. त्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे २०,००० कोटी डॉलर, केवळ आयफोनची. मात्र सुमारे ८,५०० कोटी डॉलर सेवांचे होते: ॲप विक्रीतील कमिशन, साठवणुकीचे भाडे, गाण्यांची वर्गणी वगैरे. या सेवांवर थेट खर्च वजा जाता शंभरातले सत्तर डॉलर शिल्लक राहिले. फोन व इतर वस्तूंवर सुमारे छत्तीस. याचा अर्थ काय? फोन हे दार आहे. एकदा माणूस दारातून आत आला की तो वर्षानुवर्षे काही ना काही देत राहतो. म्हणून कंपनीने दार थोडे रुंद केले तर तो काही दानधर्म नव्हे. त्यात तिचा फायदाच आहे.

मग ॲपलने स्वस्त फोन काढलाच नाही काय? काढला. एकदा नव्हे, अनेकदा. आणि त्यातच या विषयाचे खरे मर्म आहे.

सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने दोन फोन एकत्र आणले. एक धातूचा '५ एस', दुसरा रंगीत प्लॅस्टिकचा '५ सी'. ५ सी च्या आतील बहुतेक यंत्रणा आदल्या वर्षीच्या फोनची होती. अमेरिकेत कराराविना त्याची किंमत ५४९ डॉलर, तर नव्या ५ एस ची ६४९. भारतात ५ सी ४१,९०० रुपयांना आणि ५ एस ५३,५०० रुपयांना. गरिबाला एक्केचाळीस हजार परवडत नव्हते, आणि ज्याला ते परवडत होते त्याने विचार केला की आणखी थोडे घालून चांगलाच का घेऊ नये? शिवाय प्लॅस्टिकची रंगीत पाठ लांबूनच सांगे की या माणसाने कमी किमतीचा फोन घेतला आहे. कंपनीच्या अपेक्षेपेक्षा लोकांनी ५ एस कडे अधिक धाव घेतली, हे कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी पुढे मान्य केले. ५ सी ला धाकटा भाऊ निघाला नाही.

यानंतर मार्च २०१६ मध्ये 'एसई' आला. अमेरिकेत ३९९ डॉलर, भारतात ३९,००० रुपये. त्याचे बाह्यांग जुन्या ५ एस चे होते. अंगरखा जुना, पण काळीज ताजे. कारण आत प्रोसेसर होता त्या वेळच्या सर्वांत भारी ६ एस चा, आणि मागचा कॅमेराही त्याच प्रतीचा. वर्षे उलटली तरी कंपनीने त्याला नवी प्रणाली पुरविण्याचे थांबविले नाही. २०२१ साली आलेली प्रणालीही २०१६ च्या या लहान फोनवर चालली. २०२० आणि २०२२ साली त्याच्या पुढच्या आवृत्त्या आल्या, त्याही याच धर्तीच्या. लोकांनी तो फोन समाधानाने वापरला. पहिल्या एसई ची जुळणी २०१७ पासून आपल्या देशात, बंगळुरू येथे, होऊ लागली. भारतात जुळणी झालेला तो पहिला आयफोन.

आपण म्हणाल, दोन्ही स्वस्त म्हणूनच काढले. मग एक फसला आणि एक टिकला, असे का? माझ्या मते कारण सरळ आहे. ५ सी मध्ये काटछाट झाली ती दिसणाऱ्या बाजूला, आणि पैसेही फारसे वाचले नाहीत. एसई मध्ये दिखाव्यात काटछाट झाली, पण कामात झाली नाही. आपल्याकडील नॅनो मोटारीचेही उदाहरण घ्या. जानेवारी २००८ मध्ये ती लोकांना दाखविण्यात आली, एक लाखाची गाडी म्हणून. तिच्या अपयशाला इतरही कारणे होती. परंतु 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिला भोवला, हे खुद्द रतन टाटा यांनी नंतर बोलून दाखविले. २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. माणसाला स्वस्त वस्तू हवी असते. पण आपण स्वस्त आहोत असे चारचौघांत दाखविणारी वस्तू त्याला नको असते. यात त्याची चूक नाही. त्याला अब्रू आहे.

तेव्हा आजच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: होय, महागड्या कंपनीने स्वस्त फोन काढावा. मात्र तीन अटींवर. पहिली अट, वस्तूचे काळीज आणि आयुष्य कमी करू नये. दुसरी, जे कमी केले ते उघडपणे सांगावे. तिसरी, किंमत खरोखर कमी असावी.

दुसऱ्या अटीबद्दल आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआन शरीफमध्ये एक संपूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. पैगंबर साहेबांचा (स.) तो प्रसंगही आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तो आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. त्यावर त्यांनी त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? ओले धान्य विकण्याला त्यांची हरकत नव्हती, झाकण्याला होती. ॲपलकडूनही अशी चूक झाली होती. बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा वेग प्रणालीतूनच कमी केला जात होता, हे डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे तिचे म्हणणे. कारण कदाचित खरेही असेल. पण गिऱ्हाईक मात्र फोन जुना झाला समजून नवा घेत राहिला. फ्रान्स सरकारच्या खात्याने २०२० साली याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरो दंड केला, आणि दोष असा ठेवला की ही गोष्ट ग्राहकांना सांगितली नाही. धान्याच्या राशीचाच न्याय हा.

आता तिसरी अट. येथे मात्र कंपनी उणी पडते. २०१६ साली ३९,००० रुपयांचा असलेला स्वस्त फोन २०२० साली ४२,५०० ला आला, २०२२ साली ४३,९०० ला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या जागी जो '१६ ई' आला त्याची किंमत ५९,९०० रुपये होती. त्याचा प्रोसेसर तेव्हाच्या नव्या पिढीचा होता, हे मान्य. मागे दोनऐवजी एकच कॅमेरा आहे, चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जिंगची सोय नाही, हेही उघड सांगितले आहे. म्हणजे पहिल्या दोन अटी बहुतांशी पाळल्या. पण साठ हजारांना स्वस्त म्हणावयाचे कोणाच्या हिशेबाने? त्या सुतारकाम करणाऱ्या वडिलांच्या हिशेबाने तर नाहीच. आपल्याकडे या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, आणि बाहेरून तयार आलेल्या फोनवर आयात कर. तो २०२४ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १५ वर आला. म्हणून आपल्या कोकणातले भाईजान दुबईहून येताना फोन घेऊन येतात. पण दुबईचा फोनही घामाच्याच पैशांचा असतो, हे घरच्यांनी विसरू नये.

आता मला त्या मुलाच्या वाक्याकडे परत येऊ द्या. कंपनीने स्वस्त फोन काढला असता तर अब्बांना हप्ता भरावा लागला नसता, असे तो म्हणाला. बाळ, कंपनीने स्वस्त फोन काढला होता. त्या वेळी एसई बाजारात होता. तू तो घेतला नाहीस. कारण तो घेतला असता तर मित्रांना कळले असते की हा स्वस्तातला आहे. तुला फोन नको होता, त्या फोनमुळे मिळणारी जागा हवी होती. आणि ही जागा कोणतीही कंपनी स्वस्तात विकू शकत नाही. ती स्वस्त झाली की तिला अर्थच उरत नाही, आणि लगेच त्याहून वरची जागा निर्माण होते.

हे मी त्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला वर्गात आपण कमी आहोत असे वाटू लागले, तर ती वेदना खरी असते. आपल्या मुलांना तर ती कधी नावावरून जाणवते, कधी मोहल्ल्याच्या पत्त्यावरून, कधी भाषेवरून. हातातल्या फोनने ती काही काळ झाकली जाते. परंतु पालकहो, जी जखम झाकण्यासाठी मुलगा साठ हजारांचे फडके मागतो, ती आपण कधी विचारून पाहिली आहे काय? फोन देऊ नका, असे मी सांगत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा एका घरात तीन मुले आणि फोन एक, अशी अवस्था आपण पाहिली. फोन आता पाटी-पुस्तकासारखा झाला आहे. परंतु पाठ ऐकणे, अर्ज भरणे, शिष्यवृत्तीची माहिती काढणे ही कामे साध्या अँड्रॉइड फोनवर होतात. २०१४ साली गुगलने भारतीय कंपन्यांबरोबर साडेसहा हजारांच्या आतले स्मार्टफोन आणले. २०२१ साली जिओने ६,४९९ रुपयांचा आणला. स्वस्त फोनाचे मैदान रिकामे नाही.

हप्त्यांविषयी दोन शब्द. 'बिनव्याजी हप्ता' ही पाटी दुकानोदुकानी दिसते. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. ते व्याज दुसऱ्या कोणत्या तरी नावाने वसूल होते. बहुधा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, प्रक्रिया शुल्क द्यावे लागते, आणि बँकेच्या कागदावर व्याज व त्यावरचा जीएसटी दाखविलेला असतो. अमेरिकेतल्या १९९ डॉलरच्या फोनाचीच ही कथा, फक्त पाटी निराळी. असा हप्ता शरीयतच्या दृष्टीने कसा, हे मी सांगणार नाही; तो आलिमांचा अधिकार आहे. परंतु सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि त्यांना दाखवावा, एवढे सांगण्याचा अधिकार वाणिज्य शिक्षकाला आहे.

आणि एवढे करूनही त्याच कंपनीचा फोन घ्यावयाचा असेल, तर आधी जुना पाहावा. एकदा वापरलेला, दोन-तीन वर्षांपूर्वीचा चांगला फोन, हाच त्या कंपनीचा खरा स्वस्त फोन होय. मात्र तो घेताना बिल मागून घ्या. बॅटरी किती टक्के शिल्लक आहे, ते सेटिंगमध्ये पाहा. आधीच्या मालकाने आपले खाते काढून टाकले आहे याची खात्री करा. \*#०६# हे आकडे दाबले की पंधरा अंकी क्रमांक दिसतो. तो सरकारच्या 'संचार साथी' सेवेवर तपासा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडणार नाही. स्वस्ताच्या मोहात हराम वस्तू घरात येऊ नये.

शेवटी एक गोष्ट आपल्या संस्थेविषयी. ती सांगितल्याशिवाय मला खाली बसवत नाही.

आपल्या संस्थेने जास्त फी असलेली स्वतंत्र इंग्रजी माध्यमाची शाखा काढावी, अशी चर्चा पालकांत काही महिने चालू आहे. ऐपत असलेले पालक मुलांना शहरातल्या महागड्या शाळांत पाठवितात. ते आपल्याकडे येतील, आणि त्यांच्या फीतून उर्दू व मराठी माध्यमाच्या वर्गांचा खर्च भागेल, असा त्यामागील विचार आहे. विचार वाईट नाही. ॲपलसमोर जो प्रश्न होता, तोच हा उलट बाजूने आला आहे. तेथे महागड्याने स्वस्त काढावे काय असा प्रश्न, येथे स्वस्ताने महाग काढावे काय असा. परंतु अटी त्याच तीन राहतील.

विज्ञानाची प्रयोगशाळा दोघांना एकच असावी. चांगला गणित शिक्षक इकडे आणि रजेवर जाणारा तिकडे, असे होऊ नये. ग्रंथालयाचे दार दोघांना एकाच वेळी उघडावे. फी जास्त घेतली तर ती कशासाठी, आणि कमी घेतली त्या वर्गाला काय मिळणार नाही, हे पालकांच्या सभेत उघड सांगावे. ओले धान्य वर ठेवावे. गणवेश दोन रंगांचे करू नयेत. ५ सी ची प्लॅस्टिकची पाठ आठवा. ज्या दिवशी आपल्या मैदानावर एखादे मूल दुसऱ्याचा गणवेश पाहून ओळखील की हा कमी फीचा आहे, त्या दिवशी आपण त्या मुलाच्या हाती साठ हजारांच्या फोनाची मागणी देऊन टाकली, असे समजावे. घरात ती मागणी आली की मग आपण आश्चर्य करू नये.

बांधकाम साधे असू द्या. बाके जुनी असू द्या. रंग यंदा नाही दिला तरी चालेल. आपल्या वडीलधाऱ्यांनी ही संस्था जेव्हा काढली तेव्हा तिच्याकडे दिखावा नव्हताच. अंगरखा जुना असला तरी काळीज ताजे पाहिजे. फोनाचे जे, ते शाळेचेही.

त्या सुतार वडिलांची फी दोन हप्त्यांत घेतली गेली. फोन परत करता आला नाही, कारण तो वापरलेला होता. त्याचे हप्ते वडिलांनी रविवारची जादा कामे घेऊन फेडले. मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा तो भेटला तेव्हा तोच फोन हातात होता, काच एका कोपऱ्यात तडकलेली. मी विचारले, "नवा घ्यावासा वाटतो का?" तो म्हणाला, "नोकरी लागली की आधी अब्बांना रंदा यंत्र घेऊन देणार, सर." मी त्याला काही बोललो नाही. परंतु मला वाटते, आजच्या विषयावरचे सर्वांत चांगले भाषण त्याने स्पर्धेत भाग न घेताच केले.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि पालकांच्या कमाईत बरकत देवो. 

खुदा हाफिज.